खाली कोण धरतंय?

माझा धंदा माणसांना उडवण्याचा होता. हसू नका, अगदी खरं सांगतोय. रंगमंचावर नारद ढगातून उतरतो, पडद्यावर परी झाडावरून झेपावते, राक्षस राजकन्येला काखोटीला मारून खिडकीतून पसार होतो, तेव्हा ही मंडळी स्वतःच्या पुण्याईवर उडत नसतात. वर तुळईला कप्पी बांधलेली असते, कप्पीवरून तार खाली आलेली असते आणि दुसऱ्या टोकाला, दिव्यांच्या मागे अंधारात, घामानं निथळणारी चार माणसं दोर धरून उभी असतात. त्या चौघांचा मी मुकादम. स्टुडिओत मला ‘तारवाला परब’ म्हणायचे. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत माझं नाव कधी आलं नाही, कारण तार आहे हे प्रेक्षकांना कळू नये म्हणूनच तर मला बोलावलेलं असायचं.

आता हे सगळं संगणकावर होतं म्हणतात. परवा घरात सगळे टीव्हीवर कुठलासा सिनेमा बघत होते. नायक एका इमारतीवरून दुसरीवर अलगद तरंगत चालला होता. माझ्या तोंडून आपसूक गेलं, “अरे, खाली कोण धरतंय?” घरातले सगळे खो खो हसले. त्यांचं बरोबर आहे, खाली कोणीच नव्हतं. पण हा प्रश्न मूळचा माझा नाही. परळच्या एका पोरीनं तो मला विचारला होता आणि त्यानंतर मी तो जन्मभर वापरला. ती गोष्ट सांगायची म्हणून ही लेखणी हातात धरली, एरवी लिहिणं हा काही माझा प्रांत नव्हे.

आधी धंद्याबद्दल थोडं. तार पोलादाची, बारीक. कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून तिला तेल आणि काजळीचा हात द्यायचा. मागचं आभाळ निळं असेल तर रंगाऱ्याकडून निळा. उडणाऱ्याच्या कपड्यांच्या आत कातडी पट्टा बांधायचा, त्याला कमरेशी दोन्ही अंगांना कड्या. पट्टा आवळलेला हवा. नटांना मात्र तो नेहमीच सैल हवा असतो. गिरगावातल्या एका नाटकात आमच्या नारदानं जेवणानंतर गुपचूप पट्टा सैल केला आणि प्रवेशाला ढगातून उतरताना बुवा चक्क उलटे झाले. डोकं खाली, पाय वर, वीणा गळ्यात अडकलेली. पण माणूस मुरलेला होता. तशाही अवस्थेत त्यानं “नारायण, नारायण” म्हटलं आणि टाळी घेतली.

माझे उस्ताद तेव्हा हयात होते. त्यांनी नारदाला खाली घेतलं, सोडवलं आणि एवढंच म्हणाले, “नमस्कार अर्धा केलास.” कारण आमच्या कामात एक रीत होती. उडणाऱ्यानं वर जाण्याआधी तारेपुढे वाकून नमस्कार करायचा. उस्ताद स्वतः पाच वेळचे नमाजी. ते तारेला बोट लावून डोळ्यांना लावायचे. इतरांनी आपापल्या पद्धतीनं करावं. देव कुठला हे कधी कुणी विचारलं नाही, पण वाकायचं मात्र सगळ्यांनी. आणि दुसरी रीत अशी, की उडणाऱ्यानं वर कप्पीकडे बघायचं नाही आणि मागे दोरवाल्यांकडेही बघायचं नाही. बघितलं की शंका येते, शंका आली की अंग आखडतं. उस्ताद गेल्यावर या दोन्ही रीती मी त्यांच्याहून कडक पाळल्या. गादीवर नवा बसलेला माणूस जरा जास्तच कडक असतो.

आता त्या चित्रपटाकडे येतो. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. द्विभाषिक राज्य आमच्या माथी मारलं होतं आणि मुंबई कुणाची या प्रश्नानं परळ-लालबागचा नाका न् नाका तापलेला होता. आज मोर्चा, उद्या हरताळ, परवा संचारबंदी, असं चालायचं. चित्रीकरणाच्या तारखा आम्ही पंचांग बघून नव्हे, भिंतींवरची पोस्टरं बघून ठरवायचो. अशा दिवसांत विनायक वेलकर नावाचा एक तरुण दिग्दर्शक जादूचा सिनेमा काढायला निघाला.

वेलकर गिरगावचे. जुनं, घरंदाज कुटुंब. आजोबांच्या वाट्याला घरं आली, वडिलांच्या वाट्याला हापिसातली खुर्ची आणि यांच्या वाट्याला सिनेमाचं वेड. बाकीचे लोक संतपट नाहीतर सासू-सुनेच्या कथा काढत होते. वेलकरांच्या कथेत एक जादूगार अख्खं शहर काचेच्या बरणीत कोंडून आपल्या डोंगरावर घेऊन जातो आणि विणकराची दोन मुलं ते सोडवून आणायला निघतात. कशावर बसून? गालिचावर नाही. धोट्यावर! मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावतो ना, तो लाकडी धोटा. आमच्या सुतारानं तो होडीएवढा बनवला होता. गिरणगावात वाढलेल्या माणसाला ही कल्पना ऐकूनच गुदगुल्या व्हायच्या. मी पहिल्याच भेटीत हो म्हटलं.

निर्माते शेठ मात्र धास्तावलेले होते. “शहर चोरून नेतो म्हणजे काय? लोक भलताच अर्थ काढतील.” वेलकर शांतपणे म्हणायचे, “शेठ, ही मुलांची परीकथा आहे.” असं म्हणताना त्यांचा चेहरा इतका निरागस असायचा, की मलाही शंका यायची.

नावाजलेल्या नटांपैकी कुणी धोट्यावर बसायला तयार होईना. मग वेलकरांनी नवी मुलं शोधली. दिगू सावंत लालबागचा, गणपतीच्या मेळ्यात गाणारा, दिसायला देखणा आणि उंचीला भयंकर भिणारा. हिरा कांबळे परळच्या चाळीतली. गिरणीत सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात, कुणी गैरहजर असेल तेव्हा बदलीवर काम करायची आणि वस्तीतल्या जलशात गायची. तिचा आवाज असा खणखणीत, की मैदानाच्या टोकाला बसलेल्यालाही वाटावं, आपल्याशीच बोलतेय. वेलकरांनी तिला जलशात ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी चाळीत जाऊन तिच्या वडिलांची परवानगी मागितली. त्यांनी ती दिली, पण शेठना मुलगी पसंत नव्हती. त्यांना ओळखीचा चेहरा हवा होता. शेवटी त्यांनी अट घातली: उडण्याचं दृश्य आधी घ्या. पोरीला ते जमलं तर ठेवा, नाही जमलं तर मुलगी बदलायची. ही अट हिराला ठाऊक होती, मला ठाऊक होती, दोरावरच्या चौघांनाही ठाऊक होती. त्या एका दिवसावर तिचं सगळं नशीब टांगलेलं होतं.

तो दिवस उजाडला. हिंदमाताच्या कापडदुकानांतून आणलेल्या कटपीसचे पोशाख दोघांच्या अंगावर चढले. मी पट्टे आवळले. नारळ फोडला. दिगूनं तारेला नमस्कार केला, मग धोट्याला, मग शिडीला, मग मला, आणि मी अडवलं नसतं तर त्यानं चहावाल्यालाही केला असता. मी हिराकडे वळलो.

“चला, नमस्कार करा.”

“कुणाला?”

“तारेला.”

“का?”

“रीत आहे आमची. वर जाणारा प्रत्येक माणूस करतो.”

तिनं तारेकडे बघितलं. मग म्हणाली, “दादा, आमच्या चाळीनं नुकतीच धम्मदीक्षा घेतली. घरातले देव बाबांनी समुद्रात सोडले. आजीच्या हातचा खंडोबा होता त्यात. आईनं टोपली स्वतःच्या डोक्यावरून नेली, रडत रडत नेली, पण नेली. एवढं झाल्यावर मी आता तारेपुढे हात जोडू?”

“अहो, तार म्हणजे काय देव आहे का?”

“मग हात कशाला जोडायचे?”

उत्तर नसलं की माणसाला राग येतो, तसा तो मला आला. मी म्हटलं, “नमस्कार नाही तर मी उडवणार नाही,” आणि हाताची घडी घालून एका खोक्यावर जाऊन बसलो. शेठचे मुनीम कोपऱ्यात उभे राहून सगळं टिपत होते. वेलकर धावत आले. मला वाटलं, ते आता पोरीची समजूत घालतील. पण ते माझ्याकडे वळले.

“परब, ती नाही म्हणते आहे. दुसरा काही मार्ग सांगा.”

“दुसरा मार्ग नाही, साहेब.”

“दादा,” हिरा मध्येच म्हणाली, “मला भीती वाटते. खोटं कशाला बोलू? तुमची भीती नमस्कारानं जात असेल. माझी नाही जायची. आमच्या खात्यात पण नवीन मशीनवर मी आधी सगळं बघून घेते, मगच हात घालते. मला वर नेऊन दाखवा. तार कुठून येते, कुठे जाते. खाली कोण धरतंय ते दाखवा.”

आजवर किती देव, गंधर्व, यक्ष, राक्षस मी वर नेले, पण हे एकानंही विचारलं नव्हतं. मला तो सरळ सरळ अपमान वाटला. मनात म्हटलं, चल, दाखवतोच. एकदा वरून खाली बघितलंस, की आपोआप हात जोडशील.

ती ओढणी खोचून माझ्यामागून शिडी चढली. तुळईवर ओणवी होऊन तिनं कप्पी फिरवून बघितली, हाताला काळं वंगण लागलं ते पोशाखाला लागू नये म्हणून लाकडाला पुसलं. खाली बघून तिचा चेहरा पांढरा पडला, पण ती वाकून बघतच राहिली. मग आम्ही उतरून दिव्यांच्या मागे गेलो. तिथे माझे चौघे उभे होते. सगळे गिरणीत बदली, पाळी नसेल तेव्हा माझ्याकडे. त्यांच्यात गणपत घाडी थोरला, हाडापेरानं दणकट. सगळे त्याचं ऐकायचे.

हिरानं एकेकाला नाव विचारलं. गिरणी कुठली, खातं कुठलं, घरी कोण कोण. सगळे आपले लाजून पायांकडे बघत उत्तरं देत होते. मग ती म्हणाली, “मी वर असताना तुम्ही धरणार ना?”

गणपत गडबडला. “धरतलंव ना बाय. आमचा कामच ता.”

“मी वरून विचारीन. ‘धरलंय?’ असं. तुम्ही उत्तर द्यायचं. मला तुमचा आवाज ऐकू आला पाहिजे.”

मी म्हटलं, हा काय पोरखेळ आहे? कामाच्या वेळी माझी माणसं बडबड करणार नाहीत. तेव्हा गणपतनं माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत तो मला कधी उलटून बोलला नव्हता.

“परबा, इतकी वर्सा मी दोर वडतंय. एकान माझा नाव इचारूक नाय. मी हिका धरतलंय. तुका नको तर तू बाजूक हो.”

बाकीचे तिघे दोराला हात घालून उभे राहिले. मी मुकादम होतो, पण दोर त्यांच्या हातात होता. मी माझ्या जागेवर जाऊन उभा राहिलो. ताठ मानेनं गेलो, तेवढी ऐट राखली.

हे दृश्य मुकं घ्यायचं होतं, आवाज नंतर भरायचा होता, म्हणून बोलायला मोकळीक होती. दिगू आणि हिरा धोट्यावर बसले. दोघांच्या पट्ट्याला तारा, धोट्याला तारा, सगळ्या मिळून एका दांड्याला आणि दांडा कप्पीवरून चौघांच्या दोराला. आम्ही पहिल्यांदा कॅमेरा न चालवता तालीम घेतली. धोटा जमिनीवरून उचलला गेला.

“धरलंय?” वरून खणखणीत आवाज आला.

“धरलंय!” चौघे एकदम ओरडले.

माझ्या अंगावर काटा आला, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. धोटा आभाळाच्या पडद्यासमोर चढत चढत पार वर गेला. दिगूनं डोळे मिटले होते. हिराचे टक्क उघडे होते.

सकाळपासून बाहेरच्या रस्त्यानं मोर्चा चालला होता. घोषणा आम्हाला आत ऐकू येत होत्या, पण त्या दिवसांत घोषणांकडे कोण लक्ष देणार? उकाड्यामुळे स्टुडिओचे मोठे दरवाजे सताड उघडे होते. अचानक बाहेरचा आवाज बदलला. घोषणेचा सूर मोडला, पळापळ सुरू झाली, फटफट असे आवाज आले. क्षणभरात दारातून पांढरा धूर आत घुसला. लाठीमारानंतर पोलिसांनी अश्रुधूर सोडला होता आणि वारा नेमका आमच्या दिशेनं होता.

डोळ्यांत तिखट भरल्यासारखं झालं. कॅमेरावाला, मेकअपवाला, मुनीम, सगळे मागच्या दारानं अंगणाकडे धावले. त्या घाईत कुणीतरी मेन स्विच पाडला आणि दिवे गेले. वर आभाळाच्या उंचीवर दोन पोरं लटकलेली, खाली धूर आणि काळोख. दिगू एकामागून एक देवांना हाका मारत होता. वेलकर तेवढे राहिले होते, ते तोंडावर रुमाल धरून “खाली घ्या, खाली घ्या” म्हणून ओरडत होते.

खाली घेणं तितकं सोपं नव्हतं. एरवी मी अशा जागी उभा राहतो, की उडणारा आणि दोरवाले दोन्ही मला दिसावेत, आणि हातानं खूण करतो. चौघांनी एका मापात दोर सोडायचा. एकानं जरी घाई केली, तरी धोटा कलंडतो. आता धुरात मला माझा हातही दिसत नव्हता, चौघांना खूण कुठली दिसणार? शिवाय त्यांतल्या दोघांचे भाऊ त्या मोर्चात होते. बाहेर किंकाळ्या ऐकू येत होत्या. त्यांनी दोर सोडून दाराकडे धाव घेतली असती, तर मी त्यांना काय म्हणणार होतो?

वरून आवाज आला. कापरा होता, पण खणखणीत.

“खाली कोण धरतंय?”

“आम्ही!” गणपत खोकत ओरडला. “आम्ही हंय आसंव, बाय. भिऊ नको!”

“सगळे?”

एकामागून एक चार आवाज आले. पाचवा माझा होता. मी आवाजाच्या अंदाजानं धावत जाऊन दोराला हात घातला होता. मुकादमपण कुठे गेलं कुणास ठाऊक.

“मी विचारलं की एक हात दोर सोडा,” हिरा वरून म्हणाली. “धरलंय?”

“धरलंय!” एक हात दोर.

“धरलंय?”

“धरलंय!” आणखी एक हात.

डोळे बंद, नाकातोंडातून पाणी, श्वास घेतला की छाती जळते, आणि तरी त्या आवाजावर आमचे हात एकाच मापात चालत होते. दर वेळी तिचा आवाज थोडा जवळ येत होता. मधे तिला खोकल्याची उबळ आली आणि ती थांबली. आम्हीही थांबलो. दोर तळव्यांना कापत होता, पण कुणी बोटभरही हललं नाही. मग पुन्हा आवाज आला, “धरलंय?” असं करत करत धोटा जमिनीला टेकला तेव्हा लाकडाचा आवाज झाला, तो मला आजही ऐकू येतो.

दिगूनं जमिनीचा मुका घेतला. हिरा पट्टा सोडवून चाचपडत आमच्याकडे आली. तिनं चौघांचे तळवे हातात घेऊन चाचपून बघितले. दोरानं सोलवटले होते. ती ओढणी माठात भिजवून आली आणि एकेकाच्या हाताला लावायला लागली. गणपत म्हणत होता, “काय नाय गो, काय नाय.” मला रडू फुटलं. सगळ्यांचेच डोळे गळत होते म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

माझ्या सगळ्या नोकरीतलं सगळ्यात सुंदर उड्डाण ते. आणि त्याची एक फूटसुद्धा फिल्म नाही. कॅमेरा बंद होता.

पुढे हरताळ आणि संचारबंदीत स्टुडिओ बंद राहिला. उघडला तेव्हा शेठ स्वतः आले होते. मुनीमांनी सगळं तिखटमीठ लावून सांगितलं होतंच. शेठ वेलकरांना म्हणाले, “मुलगी बदला. नमस्कार न करता वर गेली आणि बघा काय झालं. अपशकुनी आहे.” हिरा तिथेच उभी होती. तिनं मान खाली घातली नाही. पण तिचे हात पदराच्या टोकाशी चाळा करत होते, ते मला दिसलं.

नमस्काराचा मुद्दा निघाल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. रीत माझी होती. हो म्हटलं असतं, तर प्रकरण तिथेच मिटलं असतं.

मी म्हटलं, “शेठ, नमस्कार करून गेली असती तर डोळे मिटून बसली असती, ह्या दिगूसारखी. ती विचारत राहिली म्हणून दोघं जिवंत खाली आली. तार माझी आहे. ह्या तारेवर हिरा जाईल, नाहीतर कुणी जाणार नाही.”

“तारवाले दुसरे मिळतील,” शेठ म्हणाले.

“मिळतील,” वेलकर म्हणाले. “दिग्दर्शकही दुसरा बघा. माझ्या चित्रपटात हीच मुलगी शहर सोडवून आणते.”

इतक्या मवाळ माणसाचा इतका ताठ आवाज मी पहिल्यांदा ऐकला. दिव्यांच्या मागून गणपत आणि बाकीचे तिघे पुढे येऊन उभे राहिले. हातांना पट्ट्या बांधलेल्या. शेठनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा त्या होडीएवढ्या धोट्याकडे बघितलं. एवढा पैसा ओतलेला सिनेमा सोडून देणं त्यांना परवडणारं नव्हतं. “करा काय करायचं ते,” म्हणून ते गाडीत जाऊन बसले.

हिरा त्याच दिवशी पुन्हा वर गेली. मी शपथेवर सांगतो, मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. तिनं पुन्हा शिडी चढून कप्पी बघितली, चौघांची नावं घेऊन विचारपूस केली, भाऊ सुखरूप आहेत ना म्हणून विचारलं आणि धोट्यावर जाऊन बसली. या वेळी दिगूनं नमस्कार केला आणि वर गेल्यावर ओरडलाही, “धरलंय?” दोन्हीकडून पक्कं केलेलं बरं, असा त्याचा हिशोब.

चित्रपट परळच्या थिएटरात लागला. शेवटी बरणी फुटते आणि शहर मोठं मोठं होत जागेवर येऊन बसतं, त्या दृश्याला अख्खं थिएटर उठून ओरडायला लागलं, “मुंबई आमची!” खुर्च्यांवर उभे राहून लोक टोप्या उडवत होते. शेठ व्हरांड्यात उभे राहून अभिनंदन स्वीकारत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, की शहराची कल्पना मूळची त्यांचीच. वेलकर त्याच निरागस चेहऱ्यानं शेजारी उभे होते.

यानंतर तिघांचीही भरभराट झाली, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. वेलकरांनी पुढे आणखी एक चित्रपट केला, तो पडला. मग ते जाहिरातींकडे वळले, पैसा मिळवला, पण भेटले की अजूनही एका जादूच्या गोष्टीबद्दल तासभर बोलायचे, जी त्यांनी कधीच काढली नाही. हिराकडे निर्माते आले, पण मोलकरणीची आणि नायिकेच्या मैत्रिणीची कामं घेऊन. तिनं सरळ नकार दिला. “मी शहर सोडवून आणलंय, आता कपबश्या आणून ठेवू?” असं ती एकाला म्हणाली, तो मला सांगत आला होता. तिनं शिक्षिकेची नोकरी धरली आणि वस्तीतल्या मुलांची नाटकं बसवायला लागली. सिनेमावाल्यांनी आपलं काय घालवलं, हे त्यांना कधी कळलंच नाही, आणि याचा मला अजून राग येतो.

दिगू हिंदी सिनेमात गेला. देखणा होताच, पण नायक म्हणून नव्हे, नायकाच्या जागी उड्या मारायला. तिथे एका दुसऱ्याच तारवाल्याच्या तारेवरून तो पडला आणि पायानं कायमचा लंगडा झाला. हॉस्पिटलात मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाला, “परबदादा, तिथे मी विचारलं. कोणीच उत्तर दिलं नाही. मी तरी गेलो.” बरा झाल्यावर तो माझ्या दोरावर आला. उंचीला भिणारा माणूस, धरणारा मात्र पक्का निघाला.

नमस्काराची रीत मी मोडली नाही. ज्याला करायचा त्यानं करावा. पण त्या दिवसानंतर माझ्या तारेवर गेलेल्या प्रत्येकाला, मग तो कितीही मोठा नट असो, मी आधी दिव्यांच्या मागे घेऊन जायचो. ह्यांची नावं विचारा, म्हणायचो. आणि वरून “धरलंय?” विचारल्याशिवाय दोर हलायचा नाही. काही मोठी मंडळी वैतागायची. एकानं मला वेडा म्हटलं. मी त्याला दिवसभर जमिनीवर ठेवला.

गणपत घाडी गेला तो लालबागच्या त्याच्या चाळीत, वरच्या मजल्यावरच्या खोलीत. चौकात तिरडी बांधून तयार होती, पण त्याला वरून खाली आणायचं होतं. चाळीचा जिना तुम्हाला सांगायला नको, अरुंद, उभा, पायऱ्या झिजलेल्या. त्यात गणपत शेवटपर्यंत हाडापेरानं दणकट. आम्ही त्याला चादरीत घेतलं आणि चार टोकं धरली. दिगू, दोरावरचे दोन जुने सोबती आणि मी. चौघेही म्हातारे. शेजारची तरुण पोरं पुढे झाली, त्यांना आम्ही बाजूला व्हायला सांगितलं. हे आमचं काम होतं.

जिन्याच्या तोंडाशी आलो आणि पाय अडखळले. दिगूचा लंगडा पाय पायरीवर ठरेना, चादर एका अंगाला कलायला लागली. कोण आधी उतरणार, कोण मागे राहणार, काही कळेना. सगळे एकमेकांवर ओरडत होते.

हिरा खाली जिन्याच्या पायथ्याशी उभी होती. केस पांढरे झालेले, चष्मा लागलेला. मला वाटतं, तिला वर काय चाललंय ते दिसलं असावं. तिनं मान वर केली आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशा त्याच आवाजात विचारलं,

“धरलंय?”

आमचं ओरडणं थांबलं. चादर सरळ झाली.

“धरलंय!” आम्ही म्हटलं, आणि एक पायरी उतरलो.